ज्यांच्याजवळ रेडिओ नव्हता त्यांचा आवाज : वामनदादा कर्डक

वामनदादा कर्डकांविषयी आपल्याकडे दोन तऱ्हेने बोलले जाते. जयंतीच्या मंचावर त्यांना महाकवी म्हणून हार घातला जातो, आणि वाङ्मयीन चर्चेत 'प्रचारगीते लिहिणारे लोकशाहीर' अशा एका वाक्यात त्यांचा निकाल लावला जातो. पहिल्या ठिकाणी भक्ती आहे, दुसऱ्या ठिकाणी तुच्छता आहे; पण वामनदादा आयुष्यभर नेमके कोणते काम करीत होते, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी कोणी विचारीत नाही. माझे उत्तर असे आहे की, ते एका समाजाचे प्रसारण चालवीत होते. ज्या माणसांना वृत्तपत्र वाचता येत नव्हते आणि ज्यांच्या घरात रेडिओ नव्हता, त्यांच्यापर्यंत चळवळीचा विचार आणि चळवळीची बातमी पोहोचविण्याची एक यंत्रणा आमच्या लोकांनी उभी केली होती. ती कशी चालत होती, कशाच्या बळावर चालत होती आणि आता ती का थंडावत चालली आहे, एवढेच मला येथे मांडायचे आहे. त्यात माझ्या हातून घडलेल्या एका चुकीचा हिशेबही द्यायचा आहे.

मी नाशिकच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. माझ्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, कांद्याच्या बाजारात हमाली करीत. त्यांना सही येत होती, वाचता येत नव्हते. असे असूनही काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, तो पाच वर्षे चालला, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे नेला आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले, हा सारा क्रम त्यांना पाठ होता. मी शाळेच्या पुस्तकात इतिहास वाचला त्याच्या पुष्कळ आधी तो आबांच्या तोंडून ऐकला. हे तुम्हाला कोणी शिकवले, असे मी एकदा विचारले तेव्हा त्यांनी कोणा मास्तराचे नाव घेतले नाही. 'गाण्यात ऐकलं', एवढेच ते म्हणाले. आबांच्या पिढीतील लाखो निरक्षर माणसांचे शिक्षण असेच झाले आहे, आणि त्या शिक्षणाचा इतिहास अजून नीट लिहिला गेलेला नाही.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी या गावी झाला. पोटापाण्यासाठी ते मुंबईला गेले. तेथे कोळशाच्या वखारीपासून गिरणीपर्यंत मिळेल ते काम त्यांनी केले. त्यांच्याविषयी नेहमी सांगितली जाणारी एक हकीकत आहे. शिवडीच्या चाळीत कोणीतरी त्यांना पत्र वाचून दाखवायला सांगितले आणि त्यांना ते वाचता आले नाही. त्या लाजेतून त्यांनी देहलवी नावाच्या मास्तरांकडून वयात आल्यावर अक्षरे गिरवली आणि दुकानांच्या पाट्या वाचीत वाचीत वाचन पक्के केले. ३ मे १९४३ ही त्यांच्या पहिल्या गीताची तारीख सांगितली जाते, आणि ते गीत एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर रचलेले होते. पुढे 'वाटचाल', 'मोहळ' असे त्यांचे गीतसंग्रह निघाले, 'सांगत्ये ऐका' या १९५९ च्या चित्रपटासाठी त्यांनी लेखन केले, आणि १९९३ साली वर्धा येथे भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. १५ मे २००४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले. साठ वर्षांच्या या काळात त्यांनी हजारो गीते रचली. परंतु या तपशिलातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला पत्राची वाटते. वाचता न येण्याची लाज काय असते हे ज्याने स्वतः भोगले, त्याने वाचता न येणाऱ्यांसाठी लिहिले. आपला श्रोता कोण आहे, याविषयी त्यांच्या मनात कधीच गोंधळ नव्हता.

येथे विद्यार्थ्यांचा नेहमी होणारा एक घोटाळा दूर केला पाहिजे. नाशिक जिल्ह्याने चळवळीला दोन कर्डक दिले आहेत. भीमराव कर्डक हे निफाड तालुक्यातील कसबे सुकेण्याचे. त्यांनी १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसा उभा केला आणि पुढे १९७८ साली 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक लिहून त्या कामाची नोंद ठेवली. जलसा हा सत्यशोधक जलशाच्या वाटेने आलेला. त्यात गण होता, बतावणी होती, सवाल-जवाब होते, फार्स होता. तमाशाचा साचा घेऊन त्यातील देव आणि शृंगार काढून टाकायचा आणि त्या जागी पाणवठा, शाळा, सावकार, वतन हे विषय आणायचे, अशी त्याची रीत होती. जलशाला आठ-दहा माणसे, पाठांतर, सोंगे आणि तालीम लागत असे.

वामनदादांच्या काळात ही जागा हळूहळू गायन पार्टीने घेतली. एक गायक, मागे दोन-तीन कोरसवाले, पेटी, ढोलकी किंवा तबला आणि एखादा झांजवाला एवढ्यावर पार्टी उभी राहते. सोंग नाही, पडदा नाही. हातगाडीवर किंवा एसटीच्या टपावर सामान टाकले की पार्टी पुढच्या गावाला निघाली. दिवसभर मजुरी करणारी माणसे रात्री पार्टी चालवू शकत होती, कारण तिचा खर्च त्यांच्या आवाक्यातला होता. जलशाकडून गायन पार्टीकडे झालेला हा प्रवास कलेची घसरण आहे, असे काही अभ्यासक मानतात. मला तसे वाटत नाही. एक माध्यम अधिक हलके झाले आणि म्हणून अधिक दूर गेले, असे त्याकडे पाहिले पाहिजे.

आता रेडिओकडे वळू. मुंबईचे नभोवाणी केंद्र १९२७ साली सुरू झाले. तेथून पुढे कितीतरी वर्षे रेडिओ घेणे आमच्या वस्तीत कोणाला परवडत नव्हते, आणि घेतला तरी तो बाळगण्यासाठी पोस्टात पैसे भरून परवाना काढावा लागत असे. ही अट १९८० च्या दशकात रद्द झाली. पण पैशाची अडचण ही एकच अडचण नव्हती. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला आपल्या स्टुडिओत बंदी केली. तिचे स्वर ठरावीक असल्यामुळे अभिजात संगीतातील मींड आणि श्रुती तिच्यावर येत नाहीत, असे कारण देण्यात आले. ही बंदी सुमारे तीन दशके टिकली. पुढे १९५२ पासून बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री असताना चित्रपटगीतेही आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि १९५७ साली विविध भारती काढून सरकारला माघार घ्यावी लागली.

या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या पाहिजेत. पेटी आणि चित्रपटगीताची चाल या दोन पायांवर आमची गायन पार्टी उभी होती, आणि नेमक्या याच दोन गोष्टी नभोवाणीला हलक्या वाटत होत्या. हे निर्णय आम्हाला डोळ्यांसमोर ठेवून घेतले गेले, असे मी म्हणत नाही. आम्ही त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हतोच. संस्कृतीचे धोरण ठरविणाऱ्या माणसांच्या कल्पनेत जो श्रोता होता, तो आमच्या वस्तीत राहत नव्हता. याचा अर्थ नभोवाणीचे दार आम्हाला सर्वस्वी बंद होते असा नाही. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी बाबासाहेबांचेच भाषण आकाशवाणीवरून झाले आणि स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तीन तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतलेली नसून बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली आहेत, असे त्यांनी त्यात सांगितले. विठ्ठल उमपांसारखे गायकही पुढे आकाशवाणीवर गाजले. पण दारातून एखाद-दुसरा माणूस आत जाणे वेगळे आणि घर आपले असणे वेगळे.

मग ज्यांच्याजवळ यंत्र नव्हते त्यांनी काय केले? वामनदादांचे गीत कसे बांधले आहे ते पाहिले म्हणजे याचे उत्तर मिळते. पहिली गोष्ट चाल. ती बहुधा लोकांच्या कानावरून गेलेली असे. चित्रपटातली, कव्वालीची किंवा लोकगीताची. हॉटेलातल्या रेडिओवरून किंवा तंबूतल्या सिनेमातून चाल आधीच गावात पोहोचलेली होती. वामनदादांनी तिच्यात आपला मजकूर भरला. श्रोत्याला फक्त शब्द शिकावे लागत, चाल शिकावी लागत नसे. 'उसन्या चाली' म्हणून या गीतांना नावे ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घेतले पाहिजे की, दुसऱ्याने पैसे खर्चून उभारलेल्या वाहिनीवरून आपला संदेश फुकटात पाठविण्याची ही युक्ती होती. दुसरी गोष्ट धृपद. कोरस ते पुन्हा पुन्हा म्हणतो, तिसऱ्या वेळेला समोरची माणसे म्हणू लागतात, आणि कार्यक्रम संपल्यावर निदान धृपद तरी घरी जाते. तिसरी गोष्ट अंतरा. एका अंतऱ्यात एकच प्रसंग किंवा एकच युक्तिवाद. म्हणजे एखादा अंतरा विसरला तरी बाकीचे गीत कोसळत नाही. चौथी गोष्ट नाममुद्रा. शेवटच्या अंतऱ्यात 'वामन' हे नाव येते. ही पद्धत संतांच्या अभंगात आहे, शाहिरांच्या लावणीत आहे, गझलेच्या मक्त्यात आहे. वामनदादांच्या हातात तिला आणखी एक काम आले. कागदावर नोंद नसलेल्या गीताची मालकी त्या नावाने टिकते.

पाचवी गोष्ट सर्वांत मोठी. मजकूर लोकांच्या व्यवहारातून आलेला असे. बाबासाहेबांचा गौरव हा त्यांच्या गीतांचा एक भाग झाला. पण पुढाऱ्यांच्या फाटाफुटीवर, दारूवर, हुंड्यावर, बाईच्या कष्टावर त्यांनी लिहिले, आणि बड्या भांडवलदारांची नावे घेऊन देशाच्या संपत्तीत आमचा हिस्सा कुठे आहे, असे चव्हाट्यावर विचारले. ज्या मंचावर पुढारी बसलेले असत, त्याच मंचावरून पुढाऱ्यांना खडसावणारे गीत गाइले जाई. मालकाच्या रेडिओवर हे घडत नाही. श्रोत्यांनी वर्गणी काढून बोलावलेल्या गायकालाच ते शक्य असते.

जगात अन्यत्रही असे घडले आहे. बोलिव्हियातील खाणकामगारांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून आपल्या वर्गणीवर स्वतःची रेडिओ केंद्रे चालविली. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या फ्रेस्नो शहरात ४ जुलै १९८० रोजी 'रेडिओ बिलिंग्वे' सुरू झाला. तो उभारणारे ह्यूगो मोरालेस हे मेक्सिकोतील मिश्तेक या आदिवासी समाजातले; त्यांचे कुटुंब शेतमजुरी करीत असे आणि ते स्वतः हार्वर्डमधून कायद्याची पदवी घेऊन शेतमजुरांच्या मुलखात परत आले. सीझर चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेनेही १९८३ साली आपले रेडिओ केंद्र काढले. तेथील स्पॅनिश बोलणाऱ्या शेतमजुराला मजुरीचे हक्क, औषधफवारणीचा धोका, मुलांची शाळा यांविषयी त्याच्या भाषेत सांगणारा निवेदक हा घरातल्या माणसासारखा वाटतो, आणि असा निवेदक गेला की वस्ती सुतकात जाते. आपल्याकडे २००४ साली वामनदादा गेले तेव्हा आमच्या घरी तसेच झाले. त्या दिवशी आमच्याकडे चूल पेटली नाही. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो, आणि जो माणूस आपला नातेवाईक नाही त्याच्यासाठी आई का रडते आहे, हे मला कळले नव्हते. फरक इतकाच की, तेथे मनोरा उभा राहिला. येथे मनोरा नव्हता, म्हणून माणसांनी एकमेकांच्या तोंडून आवाज पुढे नेला.

ही यंत्रणा आता का थंडावते आहे? 'नव्या पोरांना डीजे पाहिजे' असे म्हणून आपण पोरांवर खापर फोडतो. ते पुरेसे नाही. एक कारण कॅसेटचे आहे. १९८० नंतर कॅसेटमुळे गीते दूरवर गेली, पण वेष्टनावर गायकाचे नाव मोठे आणि कवीचे नाव बारीक किंवा मुळीच नाही, अशी स्थिती झाली. वेळ वाचविण्यासाठी शेवटचा अंतरा गाळला की नाममुद्राही गेली. दुसरे कारण फारसे कोणी लक्षात घेत नाही. गायन पार्टी ही रात्रीची कला होती. मजूर कामावरून येई, जेवण होई, दहाच्या सुमारास पेटी उघडली जाई आणि पहाटेपर्यंत दोन पार्ट्यांचा सामना रंगे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी झाली. वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते. नियमाचा हेतू योग्यच आहे, रुग्णाला आणि विद्यार्थ्याला झोप मिळाली पाहिजे. पण ज्या वेळेला आमचा कार्यक्रम सुरू होत असे, त्याच वेळेला तो आता संपवावा लागतो. संध्याकाळच्या दोन तासांत भाषणे, सत्कार आणि मिरवणूक बसते. सहा अंतऱ्यांचे गीत बसत नाही.

आता माझ्या चुकीविषयी. मी सहावीत असताना आबांनी दोनशे पानी वही आणून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, मी म्हणतो तसं लिही. दोन उन्हाळ्यांच्या सुट्टीत मी ती भरली. मला तेव्हा शुद्धलेखनात पैकीच्या पैकी गुण मिळत. आबा 'आलीया' म्हणत, मी 'आली आहे' लिहीत असे. ते 'पानी' म्हणत, मी 'पाणी' लिहीत असे. एखादा शब्द मला गावंढळ वाटला तर मी त्या जागी पुस्तकातला घालीत असे, आणि आबांना वाचता येत नसल्यामुळे त्यांना ते कळत नव्हते. अनोळखी चालीचे नाव मी कधी विचारले नाही. शेवटच्या अंतऱ्यात 'वामन' आले की ते नाव इतके वेळा काय लिहायचे म्हणून पुष्कळ ठिकाणी मी तो अंतराच सोडून दिला.

आबा जाऊन आता चार वर्षे झाली. गेल्या वर्षी मी ती वही घेऊन बसलो आणि गाऊन पाहू लागलो, तर गीते गाता येईनात. 'आलीया'च्या जागी 'आली आहे' आले की मात्रा वाढते आणि ठेका मोडतो. छापील संग्रहांशी ताडून काही गीते जुळली. उरलेल्यांपैकी कोणती वामनदादांची, कोणती दुसऱ्या कोणाची आणि कोणत्या ओळी आबांनी स्वतः घातलेल्या, हे आता मला सांगता येत नाही. कारण ज्या खुणेवरून ते ओळखता आले असते ती मीच पुसली आहे. वाचता न येणाऱ्या बापाने साठ वर्षे जे जपले, ते वाचता येणाऱ्या मुलाने दोन सुट्ट्यांत बिघडवले. शिक्षण घेताना आम्ही पहिल्या पिढीचे लोक आपल्याच माणसांच्या भाषेची लाज शिकून येतो, हे पुष्कळदा लिहिले गेले आहे. मी ते माझ्याच अक्षरात, निळ्या शाईत पाहिले.

म्हणून या लेखाचा शेवट मी गौरवाने करीत नाही, कामाने करतो. ज्यांनी वामनदादांना समोर बसून ऐकले, ती माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांचे शिष्य प्रतापसिंग बोदडे २०२२ साली गेले. विठ्ठल उमपांना २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपुरात दीक्षाभूमीवर, एका बौद्ध दूरचित्रवाणी वाहिनीच्या उद्घाटनाच्या मंचावरच मृत्यू आला. आमच्याकडे आता प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारे यंत्र आहे, तेव्हा सबब उरलेली नाही. शिक्षकांनी येत्या सुट्टीत विद्यार्थ्यांना वस्तीतल्या एकेका म्हाताऱ्या माणसापुढे बसवावे. गीत पूर्ण घ्यावे, शेवटच्या अंतऱ्यासकट. गाणाऱ्याचे नाव, गाव, गीत कोणाकडून आणि कुठे ऐकले, चाल कशाची, हे त्याच वेळी विचारावे. उच्चार जसा असेल तसा लिहावा. एकही अक्षर सुधारू नये. आणि त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

दुसरे काम संघटनेचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल दिला. २००२ पासून शिक्षणसंस्थांना आणि २००६ पासून सामाजिक संस्थांना सामुदायिक रेडिओचा परवाना मिळू शकतो. तेलंगणातील मचनूर येथे १५ ऑक्टोबर २००८ पासून दलित शेतकरी-मजूर स्त्रियांनी 'संघम रेडिओ' चालवून दाखविला आहे. आपल्या साताऱ्यातील म्हसवडलाही त्याच वर्षी ग्रामीण स्त्रियांसाठी असे केंद्र सुरू झाले. अशा केंद्राचा आवाज दहा-पंधरा किलोमीटरपर्यंतच जातो, आणि स्वतःच्या बातम्या देण्याची त्याला अजून परवानगी नाही. वामनदादांना मात्र अशी परवानगी कोणी देऊ शकत नव्हते आणि नाकारूही शकत नव्हते. नवी यंत्रे आपण जरूर घ्यावीत, पण परवान्याशिवाय चालणारे हे जुने केंद्रही बंद पडू देऊ नये.

मी यंदा आईपासून सुरुवात केली आहे. तिला आबांइतकी गीते येत नाहीत, अकरा येतात. नऊ मुद्रित करून झाली. पहिल्याच दिवशी तिने विचारले, 'तसंच लिव्हणार ना?' आबांच्या वहीत मी काय केले होते ते तिला ठाऊक होते, हे मला तेव्हा कळले. मी तसेच लिहितो आहे.